आप्पा मेले असं समजा

“नाव ठरलं,” डब्याचं झाकण लावता लावता आप्पा म्हणाले. “माझ्यामागं सगळं ताई बघेल. तसं लिहूनही टाकलंय.”

दादाचा घास हातातच राहिला. बाळ्या हसला, कारण कुठलीही बातमी आली की आधी हसून बघायचं आणि मग समजून घ्यायचं, ही त्याची लहानपणापासूनची पद्धत. वहिनी पेल्यात पाणी ओतत होती, ती ओततच राहिली आणि पाणी टेबलावरून दादाच्या इस्त्रीच्या पँटवर गेलं. आणि जिचं नाव ठरलं होतं त्या ताईनं फक्त चष्मा काढला.

ताईनं चष्मा काढला की भलेभले कंत्राटदार खुर्चीत सावरून बसत. आप्पा बसले नाहीत. ते दात कोरू लागले.

ही सगळी मंडळी बसली होती यार्डातल्या गोदामाच्या डोक्यावर चढवलेल्या पत्र्याच्या खोलीत. खाली क्रेन, शटरिंगच्या प्लेटांच्या थप्प्या, सळया कापायचं मशीन. आप्पांनी राहायला बंगला बांधला होता, पण घरातला एकही मोठा निर्णय त्या बंगल्यात झाला नाही. दादाचं लग्न या खोलीत ठरलं, बाळ्याचं याच खोलीत मोडलं, आणि दोन्ही वेळेला सळया कापायचं मशीन चालू असल्यामुळे कोण नेमकं काय बोललं यावर घरात अजून वाद आहे. आज रविवार, मशीन बंद. त्यामुळे सगळ्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं, हीच खरी पंचाईत झाली.

पुलाचं काम हातातोंडाशी आलं होतं. असा पूल की आप्पांनी आजवर बांधलेले सगळे पूल एकापुढे एक मांडले तरी नदीच्या मध्यापर्यंत पोचायचे नाहीत. अडलं होतं ते हमीवर. काम देणारे म्हणतात, तुम्ही मध्येच बुडालात, पळालात, नाहीतर मेलात, तर आमचा पूल अर्धवट लोंबकळत राहील. तेव्हा असा कुणीतरी जामीन आणा जो म्हणेल, “यांनी नाही केला तर आम्ही पुरा करून देऊ.” असं म्हणणाऱ्या कंपन्या असतात. आणि कुणासाठी म्हणायचं, कुणासाठी नाही, हे ठरवणाऱ्या माणसांना तिथं अंडररायटर म्हणतात. ताई त्यांच्यातली ज्येष्ठ. बाजारात तिचं नाव नाहीबाई. एका कंत्राटदारानं “चहा घेणार?” विचारलं, ती “नाही” म्हणाली, आणि तो जागच्या जागी घेरी येऊन पडला असं सांगतात. खोटं असेल. पण पडलेला माणूस अजून शपथेवर सांगतो.

घरची फाइल अर्थातच तिच्याकडे नव्हती. रक्ताच्या नात्याची फाइल हाताळायची नाही हा तिथला नियम, आणि नियम नसता तर तिनं तो केला असता. फाइल होती शेजारच्या केबिनमधल्या बारीक आवाजाच्या साहेबाकडे. त्यानं यार्ड पाहिलं, जुनी कामं पाहिली, आणि निघता निघता त्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न टाकला, “उद्या तुम्ही नसलात तर काम कोण पुरं करणार?” उत्तर लेखी हवं होतं, सोमवारी सकाळी.

“आप्पा, माझं नाव काढा,” ताई म्हणाली.

“ऐकून तर घे.”

“ऐकलं. काढा.”

“अगं, दादाचं घातलं तर बाळ्या तोंड फुगवतो. बाळ्याचं घातलं तर दादा वेगळी चूल मांडतो. तुझ्या नावाला कुणाची हरकत नाही. आणि तुझं नाव बघितलं की तो बारक्या आवाजाचा उभ्या उभ्या मंजुरी देईल!”

“उभ्या उभ्या माझा राजीनामा मागेल. जी कंपनी जामीन राहायची तिच्याच माणसाचं नाव तुम्ही वारस म्हणून देताय. आणि मी काय नोकरी सोडून पूल बांधायला येणार आहे?”

“बांधायला कोण सांगतंय? नुसतं लिहायचंय!”

ताईच्या टेबलासमोर बसून “नुसतं लिहायचंय” असं म्हणालेली माणसं तिला चेहऱ्यानिशी आठवत होती. त्यातल्या एकालाही तिनं हमी दिली नव्हती.

दादानं पँट झटकली आणि बोलायचा सूर लावला. हा सूर तो टेंडरच्या बैठकीत लावत असे. “ताई, ताणू नकोस. नाव तुझं, काम आम्ही करू. तुझ्या साहेबाशी बोलता येईल.”

दादाला ही व्यवस्था मनापासून पसंत पडली होती. कागदावर ताई, खुर्चीत आपण. बाळ्याला तक्रारीला जागा नाही, आप्पांना बदलायला जागा नाही. इतकी सोयीची व्यवस्था आपल्याला कशी सुचली नाही, याचंच त्याला वाईट वाटत होतं.

“दादा, तू मध्ये पडू नकोस,” ताई म्हणाली. “आप्पा, कॉलेज संपलं तेव्हा मी याच जिन्याखाली उभी राहून म्हटलं होतं, मला यार्डात बसू द्या. तुम्ही वरून ओरडलात, ‘हे मुलींचं काम नाही,’ आणि मला गाडीत घालून घरी पाठवलंत.”

“मग काय झालं? उन्हातान्हापासून वाचलीस.”

“तेव्हा मागून दिलं नाहीत. आता न मागता देताय, आणि तेही खोटं. नाही.”

खरं सांगायचं तर आपलं नाव ऐकल्यावर तिला क्षणभर आनंदच झाला होता. इतक्या वर्षांनी! त्या आनंदाचाच तिला जास्त राग आला होता.

आप्पा उठले. आप्पांच्या आवाजाबद्दल पुष्कळ बोललं जातं. या काठावरून त्यांनी शिवी दिली की त्या काठावरचा क्रेनवाला भार खाली ठेवून हात जोडायचा, हे तर पाहिलेले लोक आहेत. मधल्या पाण्यातले मासे उताणे होऊन वर यायचे, हे मात्र फक्त आप्पा सांगतात. बाळ्या म्हणायचा, आप्पांच्या गोष्टीला पुलाच्या गर्डरसारखा मधोमध उठाव असतो, वजन पडलं की बरोबर सपाट होतो.

“मग कोण?” आप्पा गरजले. “सांग ना! रोज लोकांना विचारतेस, त्यांच्या मरणाच्या चौकशा करतेस. कर आमचीही! घे, मी मेलो!”

आणि ते खरोखरच जाऊन कोपऱ्यातल्या रेक्झिनच्या कोचावर आडवे झाले. पाय लांब केले, हात छातीवर घेतले, डोळे मिटले.

“आप्पा, हा काय पोरखेळ,” दादा म्हणाला.

“मेलेल्याशी बोलू नकोस.”

ताईनं चष्मा पुन्हा चढवला. ती खुर्ची फिरवून भावांसमोर बसली, रोज परक्यांसमोर बसायची तशी. “ठीक आहे. आप्पा गेले असं समजा. उद्या पहाटे सध्या चालू असलेल्या लहान पुलाच्या पायाचं काँक्रीट ओतायला सुरुवात आहे. दादा, तू काय करशील?”

“मी?” दादानं घसा साफ केला. “मी आधी सगळ्यांना विश्वासात घेईन. काम देणाऱ्यांना कळवीन, बँकेला कळवीन, एक बैठक लावीन...”

“बैठक!” कोचावरून आवाज आला. “काँक्रीट थांबतंय का तुझ्या बैठकीसाठी? दगड होईल पंपात!”

“आप्पा, तुम्ही गेलात,” ताई म्हणाली. “बाळ्या, तू?”

“मी काम बंद ठेवीन,” बाळ्या म्हणाला. मग जरा थांबून, “म्हणजे बाप गेलाय ना, ताई. मला नाही जमणार.”

हे ऐकून मयताची हनुवटी थरथरली. त्यांनी ती घाईघाईनं आवरली. एकही डोळा न उघडता ते म्हणाले, “गाढव आहेस. पण चांगला आहेस.”

इतक्यात जिना वाजला. मुकादम दारात आला. उद्याच्या ओतकामाचं विचारायला तो रविवारीही वर यायचा, त्यात नवल नव्हतं. दारातच त्याला दिसलं ते असं: आप्पा कोचावर सरळ, हात छातीवर. दोन्ही मुलं मान खाली घालून. ताई चष्मा लावून गंभीर. त्यानं सावकाश डोक्यावरचं हेल्मेट काढलं. ते काखेत धरलं.

दादा पुढे झाला. “हे बघ, मुकादम, तसं काही...”

मुकादमानं दादाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. “वहिनीसाहेब,” तो गहिवरून म्हणाला, “उद्याचं ओतकाम ठेवायचं का थांबवायचं?”

वहिनी टेबलावरचं पाणी पुसत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा माणसांचा चहा बघायला म्हणून यार्डात आली होती. मग हजेरी बघू लागली, मग सिमेंटचे ट्रक, मग आणखी बरंच काही. घरात अजूनही “वहिनी यार्डाकडे जरा बघते” असंच म्हणत. त्या “जरा”मध्ये काय काय मावलं होतं ते फक्त खालच्या माणसांना ठाऊक होतं. तिनं फडकं पिळता पिळता उत्तर दिलं, विचार करायच्या आधीच.

“थांबवायचं नाही. मिक्सर पहाटे निघू देत. दुसरा पंप उभा ठेव, पहिल्याचा पाइप मागच्या खेपेला फुटला होता. आणि खाली कुणाला काही बोलू नकोस. पोरं घाबरली की हात चुकतो. काम उरकलं की मी स्वतः सगळ्यांना सांगते.”

“आणि तोवर मला कुठं ठेवणार?” आप्पा ताडकन उठून बसले.

मुकादमानं जी किंकाळी फोडली ती ऐकून यार्डातली कुत्री पुढे आठवडाभर जेवली नाहीत असं म्हणतात. हेल्मेट जिन्यावरून टपटपत खाली गेलं, मागोमाग मुकादम. नंतर बराच वेळ खालून त्याचा आणि पाण्याच्या नळाचा आवाज येत राहिला.

“इथंच,” वहिनी म्हणाली. “या खोलीत एसी आहे.”

बाळ्या हसत हसत खुर्चीवरून घसरला. आप्पांनी वहिनीकडे पाहिलं. रागानं पाहायला गेले, पण अर्ध्या वाटेत तो राग कुठं सांडला कुणास ठाऊक. ते गुपचूप पुन्हा आडवे झाले. फक्त या वेळी डोळे उघडे ठेवून.

दादा मात्र हसला नाही. “तू माझ्याआधी कशी बोललीस?”

“त्यानं मला विचारलं.”

“मी पुढे उभा होतो!”

“हो ना. तरी मला विचारलं.”

“हे काम मी आणलंय. चार शहरांत चपला मी झिजवल्यात.”

“तुम्हीच आणलंत,” वहिनी म्हणाली, आणि ते टोमण्यानं नाही. “आणायला तुमच्यासारखा कुणी नाही. पण ताईंचा प्रश्न आणायचा नाहीये. पुरं कोण करणार, एवढंच विचारलंय.”

दादा ताईकडे वळला. मघाशी तिला बाजूला सारायला निघालेला दादा आता तिच्या आडोशाला आला. “ताई, तू सांग. तुझ्या अनुभवानं सांग. असं सुनेचं नाव कुणी लावतं का?”

“ही फाइल माझी नाही,” ताई म्हणाली. “कुणाचं नाव लावा हे मी सांगणार नाही. माझं काढा, इतकंच सांगते.”

“माझं मत वहिनीला!” बाळ्यानं हात वर केला. “दादा, चिडू नकोस. तुझी भाषणं ऐकण्यापेक्षा वहिनीच्या शिव्या परवडल्या.”

“तुला कुणी मत विचारलं?”

“मेलेल्या माणसाला आपण अर्धा तास बोलू दिलं, मग मी तर धडधाकट आहे.”

वहिनीनं फडकं खिडकीच्या गजाला वाळत घातलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते ओळखणं अवघड नव्हतं, फक्त आजवर कुणी तसदी घेतली नव्हती. हमी कंपनी मालकाची आणि दादासारख्या भागीदाराची सही घेते तशी त्यांच्या बायकांचीही घेते. काम बुडालं तर राहतं घरही त्यात जायचं, म्हणून. प्रत्येक पुलाच्या वेळी दादा कागद पुढे सरकवायचा आणि बोट ठेवायचा, इथं, इथं, आणि मागच्या बाजूला. कधी ती भाजी चिरत असायची, तर हात पुसून सही करायची. एकदा तर पाळण्यातल्या मुलीला एका हातानं झोका देत दुसऱ्या हातानं केली होती. पूल उभे राहिले. पाट्या लागल्या. पाट्यांवर आप्पा होते, दादा होता, बाळ्याचंही नाव बारीक अक्षरात होतं.

“नाव माझं घाला,” ती म्हणाली. “नाहीतर या वेळी सही नाही.”

“कसली सही?” दादानं विचारलं.

“माझी. जिच्यावर तुम्ही बोट ठेवता ना, ती.”

ताईनं खुर्ची वहिनीकडे वळवली. ती सही नसेल तर हमी नाही, आणि हमी नसेल तर पूल नाही. तिच्या कंपनीत हे शिपायालाही ठाऊक होतं. पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या कुठल्याही बायकोनं ते आजवर तोंडानं म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

“अगं, मला न विचारता तू असं...” दादा म्हणाला.

“मला विचारून कधी घेतलीत?”

दादा खिडकीकडे जाऊन उभा राहिला. कान मात्र आतच ठेवले.

आता आप्पा उठले. या खेपेला सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. ते वहिनीसमोर येऊन थांबले. यार्ड त्यांचं होतं. खुर्ची त्यांची होती. या खोलीत त्यांच्यासमोर अट घालून कुणी उभं राहिलं नव्हतं. काम देणारे इंजिनिअर नाहीत, संपावर गेलेले मजूर नाहीत, आणि देवाचं म्हणाल तर त्यालाही एका पुराच्या वेळी आप्पांनी काठावर उभं राहून चार गोष्टी सुनावल्या होत्या आणि पाणी उतरलं होतं.

“सूनबाई, काम जाईल,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. म्हणूनच सगळे घाबरले.

“जाऊ दे.”

“असा पूल पुन्हा मिळायचा नाही. मला तर नाहीच.”

“नको मिळू दे. लहान पूल बांधू. त्यावरूनही माणसं पलीकडे जातातच.”

“माझी आयुष्यभराची इच्छा आहे.”

“माहीत आहे, आप्पा. तरी.”

“दटावतेस मला?”

“नाही. सांगतेय. तुमच्याकडूनच शिकले, तुम्ही कधी विचारत नाही, सांगता.”

ताई दोघांकडे पाहत राहिली. तिच्या धंद्यात माणूस ओळखायची एक खूण होती. ज्याला काम हवंच असतं, काही झालं तरी हवं असतं, तो माणूस धोक्याचा. तो कुठलीही अट मान्य करतो, काहीही लिहून देतो, आणि मग मध्येच पाण्यात बसतो. जो कामाकडे पाठ फिरवून जाऊ शकतो, त्यालाच ते काम द्यावं. आयुष्यभर समोरच्या खुर्च्यांवर ती असा माणूस शोधत आली होती. तो बापाच्या यार्डात खरकटं टेबल पुसत होता आणि ती दर सणासमारंभाला त्याच्याकडून चहा घेऊन जात होती!

तिनं यातलं काही बोलायचं नव्हतं. बोलली असती तर सकाळी ती शेजारच्या केबिनमधल्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नसती. तिनं पर्स उचलली.

“कुठं निघालीस?” आप्पांनी विचारलं. “हे लफडं तूच उकरलंस. निस्तरून जा.”

“तुम्ही काय लिहिता ते मी बघायचं नसतं.”

“मी तुझं नाव ठेवलं तर?”

“तर मी सकाळी स्वतः साहेबासमोर उभी राहून सांगेन की आप्पा खोटं लिहितात.”

“बापाला खोटा पाडशील?”

“हो,” ताई म्हणाली. “तुमचीच मुलगी आहे, उन्हातान्हापासून वाचवलेली. रंग तेवढा उजळ राहिला.”

आप्पांच्या मिशा हलल्या. कुणीही शपथेवर सांगू शकणार नाही की ते हसले. पण बाळ्या अजूनही सांगतो, हसले. आणि दोन बायका दोन बाजूंनी नाही म्हणत उभ्या असताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू एखादा खांब पायाच्या खडकात घट्ट बसल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.

ताई जिना उतरू लागली. खाली मुकादम नळाशी बसून डोक्यावर पाणी मारत होता. तिला बघून तो उठला, “ताईसाहेब, म्हणजे आप्पा नक्की...?”

“नक्की,” ताई म्हणाली. “आवाज ऐका.”

वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कागद फाटल्याचा. मग आप्पांचा, या काठावरून त्या काठावर जाणारा.

“बस इथं, आणि तूच लिही. तुझं अक्षर दादापेक्षा बरं आहे. वर तुझं नाव, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट लिहायचं असेल तर तेही लिही, मला काय! खाली माझी सही. दादा, खिडकीतून तोंड काढ आणि पेन दे तिला.”

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. मग दादाच्या बुटांचा आवाज, खिडकीपासून टेबलापर्यंत. सावकाश, कुरकुरत, पण टेबलापर्यंत.

“आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात टीप लिही,” आप्पा गरजले, “की मी मरणार नाहीये!”

“त्या कागदात टिपेला जागा नाही, आप्पा,” वहिनी म्हणाली. “सही करा.”